६० हजारात गेमिंग पीसी असेंबल करायचाय, पार्ट कुठले घेऊ?

गडाखालचा, येळ्ळूर

नमस्कार सगळ्यांना. मी येळ्ळूरचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हाय, कॉलेज बेळगावात. यंदा भाताचे पैसे आल्यावर बाबांनी कॉम्प्युटरसाठी ६० हजार बाजूला काढून ठेवलेत, त्याच्यावर एक रुपया मिळणार नाही म्हणून आधीच सांगितलंय आणि मलाही मागायचा नाही. अक्का डिप्लोमा सिव्हिलला हाय, तिला ऑटोकॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) लागतंय, म्हणून दोघांत मिळून एकच मशीन. मॉनिटर मामांकडनं मिळालाय, २२ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ. कीबोर्ड माऊस घरात हाय. म्हणजे ६० हजार फक्त आतल्या सामानाला.

खेळायचं म्हणाल तर व्हॅलोरंट रोज, जीटीए ५, आणि फोर्झा होरायझन ५ एकदा तरी आपल्या स्वतःच्या मशीनवर चालवायचं हाय, मित्राकडं बघितल्यापासून डोक्यात बसलंय.

परवा बाबांना घेऊन बेळगावात तीन दुकानं फिरलो. एका ठिकाणी २८ हजारात आय७ गेमिंग पीसी देतो म्हणाले, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, पुढं काच आणि आत चार रंग बदलणारे फॅन, ते बघून बाबा म्हणाले हाच घे की, निम्म्या पैशात काम होतंय. दुसरा आय३-१२१००एफ आणि जीटीएक्स १६५० सांगायलाय. तिसरा म्हणतोय रायझन ५ ५६००जी घे, कार्ड नंतर घालता येतंय. तिघांचं तीन तऱ्हेचं. मी व्हिडिओ बघून बघून अजून गोंधळलोय, खरं बाबांना एकदा नक्की काय ते सांगायला पाहिजे, ते रोज विचारायलेत. कुणी असेंबल केलेलं असेल तर प्लीज सांगा, आय७ स्वस्तात मिळत असताना आय३ का घ्यायचं हे बाबांना कसं समजावू?

स्क्रूड्रायव्हर, टिळकवाडी

भावा आधी एक काम कर, त्या २८ हजारवाल्याकडं परत जा आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचार. नुसतं आय७ म्हणजे काहीच कळत नाही, त्याच्या पुढचा आकडा बघायचा असतो. आय७-२६०० किंवा आय७-३७७० म्हणाला तर तिथनंच परत फिर. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, ते २०१२ सालचं प्रोसेसर हाय, ऑफिसांतनं निघालेलं, आणि त्याला नवीन बनवलेला स्वस्तातला मदरबोर्ड लावून, डीडीआर३ म्हणजे जुन्या पिढीची रॅम घालून, वरनं काचेचं कॅबिनेट चढवून विकतात. आय३-१२१०० मध्ये १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२ चं. दोघांतही चार कोअर आठ थ्रेडच आहेत खरं बारावीतला आय३ त्या आय७ ला सहज मागं टाकतोय. बाबांना असं सांग, २०१२ चा मोठा ट्रॅक्टर आणि आत्ताचा छोटा ट्रॅक्टर, नावावर जाऊ नका, इंजिन कुठल्या सालचं ते बघा.

अजून एक, तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ नावाच्या सूचना समजत नाहीत, आणि काही नवीन गेम त्याच्याशिवाय उघडतच नाहीत. विंडोज ११ पण त्यावर अधिकृत चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तू रोज व्हॅलोरंट खेळणार, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही बोर्डातली सुरक्षेची दोन्ही सोयी लागतात, जुन्या बोर्डावर कुठनं आणणार. आणि ४ जीबी कार्ड म्हणाला ते बहुतेक जीटी ७३० असणार, २०१४ चं. जीबी म्हणजे कार्डाची ताकद नव्हे रे, ती फक्त साठवायची जागा.

आता काय घ्यायचं. मी गेली सहा वर्षं नोकरी सांभाळून असेंबल करतोय, मित्रांचे, पाहुण्यांचे, गल्लीतल्या पोरांचे मिळून चाळीसेक झाले असतील, त्यातनं सांगतो. तुझ्या पैशातला सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक कार्डला जाऊ दे, साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्तच. आरएक्स ६६०० घे, ८ जीबी. जीटीएक्स १६५० च्या जवळजवळ दुप्पट चालतंय ते, १०८०पी वर फोर्झा सेटिंग हाय ठेवून आरामात खेळशील. १६५० हे २०१९ चं ४ जीबीचं कार्ड हाय, आता नवीन घेण्यात अर्थ नाही. कुणी आरएक्स ६५०० एक्सटी गळ्यात मारायला बघेल, तेही नको, त्याला बोर्डाशी बोलायला चारच लेन म्हणजे रस्ते असतात आणि जुन्या बोर्डावर त्याचा दम निघून जातोय.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोअर बारा थ्रेड, ६५ वॅट, डब्यात कूलर येतोय, वेगळा घ्यायला नको. बोर्ड बी४५० किंवा बी५५०, जे मिळेल ते. रॅम ८ च्या दोन काड्या, १६ ची एक घेऊ नकोस, दोन काड्या दोन रस्त्यांनी चालतात. साठवायला एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क), जमलं तर १ टीबी, कारण जीटीए आणि फोर्झा दोघंही शंभर जीबीच्या वर जागा खातात, वर विंडोज आणि अक्काचं ऑटोकॅड. ५०० मध्ये बसेल खरं दाटीवाटीनं.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज देणारा डबा, मात्र ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवतो म्हणून मिळणारा शिक्का), नामांकित कंपनीचाच. इथं लोक पैसे वाचवतात आणि मला त्याचाच राग येतो. मागच्या पावसाळ्यात एकाचं मशीन माझ्याकडं आलं, नवीन कार्ड, गेम चालू केला की पाच मिनिटांत बंद. उघडून बघितलं तर कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, वर ४५० वॅट छापलेलं आणि कार्डला लागणारी आठ पिनची वायरच नाही, कुणीतरी हार्डडिस्कच्या दोन वायरींना जोड देऊन ती बनवलेली. जोडाचं प्लॅस्टिक पिवळं पडून वाकलं होतं आणि बोटाला चिकटत होतं. अजून पंधरा दिवस चालवलं असतं तर घरात आग लागली असती. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट आणि एक आठ पिन वायर लागते, ती एसएमपीएसमधनंच सरळ आलेली पाहिजे.

तंबाखूपेठ, निपाणी

वरच्या दादांचं बाकी सगळं पटलं, खरं ५६००जी ला एकदम सोडून देऊ नका. मी स्वतः तेच केलंय. २०२३ ला पैसे कमी होते म्हणून ५६००जी घेतला, कार्डाशिवाय दीड वर्ष काढलं. व्हॅलोरंट १०८०पी वर झकास चालायचं, जीटीए ५ नॉर्मल सेटिंगवर खेळायसारखं. मग बोनस आल्यावर आरएक्स ६६०० घातलं आणि तेच मशीन आज पण चालतंय. फायदा काय तर समजा कार्ड बिघडलं आणि वॉरंटीला गेलं तर मशीन बंद पडत नाही, कारण ५६००जी ला स्वतःचं ग्राफिक हाय. ५६०० ला नाही, कार्ड काढलं की स्क्रीन काळी. ह्या भावाच्या घरी बहिणीचं कॉलेजचं काम त्याच मशीनवर होणार, ते बंद पडून चालणार नाही, म्हणून म्हटलं.

एकच, कार्डाशिवाय नुसत्या ५६००जी वर असेपर्यंत रॅम दोन काड्यांची पाहिजेच पाहिजे. त्याचं ग्राफिक रॅममधनंच वाटा घेतंय. मी पहिले दोन महिने एका काडीवर काढले आणि गेम अडकत अडकत चालायचा, मला वाटलं प्रोसेसरच खराब लागलाय, दुसरी काडी घातली त्या दिवशी फरक समजला.

अजून कॅबिनेट, पुढं बंद काच असलेलं घेऊ नका, जाळीचं घ्या आणि जाळीच्या मागं फिल्टर असलेलं. आमच्या घराशेजारी तंबाखूचं गोदाम हाय, सीझनला इतकी बारीक धूळ उडते की महिन्याला फिल्टर काढून झटकावा लागतो, तपकिरी थर बसलेला असतो. येळ्ळूरला तंबाखू नसेल, खरं मळणीच्या दिवसांत भुशाची धूळ असणारच की.

स्क्रूड्रायव्हर, टिळकवाडी

निपाणीकर, तुमचं म्हणणं बरोबर हाय जर कार्डाचे पैसेच नसतील तर. ह्याच्याकडं ६० हजार आहेत, कार्ड आजच बसतंय. ५६००जी ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६०० ला ३२, व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये ते जाणवतं कारण तो गेम कार्डापेक्षा प्रोसेसर जास्त वापरतो. शिवाय ५६००जी ला कार्डाशी बोलायला पीसीआयई ३ च, म्हणजे जुना हळू रस्ताच मिळतंय. ६६०० ला आठ लेन असल्यामुळं फार नुकसान होत नाही हे मान्य. खरं कार्ड वॉरंटीला गेल्यावर काय, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, अक्काचा अभ्यास हाय म्हटल्यावर तो मोठा हाय.

त्यावर उपाय असा, कुणाकडं तरी जुनं जीटी ७१० किंवा तसलं पडून असतं, शे-दोनशेत किंवा मागितलं तर असंच देतात, ते कपाटात ठेवून दे. ६६०० वॉरंटीला गेलं तर ते घालून ऑटोकॅडचं साधं ड्रॉइंग निघतंय. माझ्याकडं एक हाय, कुणाला लागलं तर देतो.

लालमाती, खानापूर

सगळे पार्टांवर बोलायलेत, मी दुसरंच विचारते. तुमच्या घरात अर्थिंग हाय का? चेष्टा नाही, खरंच विचारतेय. मी इलेक्ट्रिकल केलंय आणि आमच्या तालुक्यात किती घरांत तीन पिनचा सॉकेट असून तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते ते बघितलंय.

ओळखायचं कसं? मशीन चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या उघड्या स्क्रूला हाताची उलटी बाजू हळूच लावली की झिणझिण्या येतात, लोक म्हणतात करंट मारतंय. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांचं एक टोक बॉडीला जोडलेलं असतं. अर्थिंग असेल तर ती बारीक गळती जमिनीत जाते, नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा दाब उभा राहतो, ११० व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी असतो म्हणून माणसाला झटकाच बसतो, खरं एचडीएमआयची वायर मशीन चालू असताना काढघाल केली तर तोच करंट पोर्टमधनं जातो आणि पोर्ट मरतो. आमच्याकडं तसाच एका टीव्हीचा पोर्ट गेला. आणि हे हाताचं वगैरे करण्यापेक्षा वायरमनला मीटर घेऊन बोलवा ते चांगलं. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दाखवायला पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. नसेल तर घरामागं खड्डा काढून पाइप किंवा प्लेट, कोळसा मीठ घालून अर्थिंग करून घ्या, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा, माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं. आमच्या लाल मातीत तर मार्च-एप्रिलला हमखास.

दुसरं यूपीएस. पावसाळ्यात लाईट दिवसातनं पाच वेळा जाते-येते, आल्यावरचा झटका जास्त वाईट असतो. तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून गेम खेळताना २५० ते ३०० वॅट घेईल. ६०० व्हीए चा यूपीएस म्हणजे ३६० वॅटच्या आसपास, चालेल खरं अगदी काठावर. १ केव्हीएचा, ६०० वॅटचा घेतलात तर निवांत. काम काय तर गेम बंद करून मशीन नीट शटडाऊन करेपर्यंतची मिनिटं मिळणं, त्यावर खेळत बसायचं नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा, नाहीतर लाईट गेली की इन्व्हर्टर घ्यायला वेळ लावतो आणि तेवढ्यात पीसी बंद पडतो.

ह्याचे पैसे ६० हजारातनंच काढा. मदरबोर्ड थोडा साधा घेतला तर चालतंय, हे नको म्हणू नका.

गडाखालचा, येळ्ळूर

सगळ्यांचे मनापासून आभार. खानापूरच्या अक्का, तुमचं वाचून मी आधी सॉकेट उघडायला गेलो होतो, बाबांनी थांबवलं, आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांना बोलवलं. त्यांनी मीटर लावला तर न्यूट्रल-अर्थ ४७ व्होल्ट. म्हणजे सॉकेटपर्यंत वायर हाय खरं पुढं कुठंतरी तुटलीय. गोठ्याच्या मागं जुनी अर्थिंगची पाइप सापडली, वायर गंजून तुटलेली. ते उद्या नवीन ओढतो म्हणालेत. बाबा म्हणाले मोटरचा पण करंट येतोय म्हणून सारखं म्हणत होतो तो ह्याच्यामुळंच का काय.

आणि ते २८ हजारवाल्याला फोन करून पूर्ण नंबर विचारला. ३७७० म्हणाला. बाबांना ट्रॅक्टरचं सांगितलं, लगेच समजलं त्यांना.

आता दोन शंका आहेत. रॅमचा भाव ऐकून घाबरलोय, यूपीएस धरला तर बजेट पाच-सहा हजारानं वर जातंय, मग कुठं कापू? आणि सामान बेळगावात घेऊ की कोल्हापूर, पुणे? एक मित्र म्हणतोय बेंगलोरला एसपी रोडला स्वस्त मिळतंय.

शहापूरचा, सध्या पुण्यात

रॅम २०२५ च्या दिवाळीच्या आसपासपासून चढलीय, कारण कंपन्या एआयच्या डेटासेंटरसाठी मेमरी बनवण्यात गुंतल्यात, तिकडं पैसा जास्त. आत्ता कुणी नवीन डीडीआर५ चं मशीन सुचवलं तर ऐकू नको, एएम५ (रायझनचा नवीन सॉकेट) ला डीडीआर५ शिवाय पर्यायच नाही. तुझं डीडीआर४ हाय ते बरंच हाय, आणि रॅम हा सेकंडहँड घ्यायला सगळ्यात सुरक्षित पार्ट. एकतर चालते नाहीतर चालत नाही. ज्याच्याकडनं घेणार त्याच्याच मशीनवर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) लावून एक पूर्ण फेरी होऊ दे, एकही एरर नको, मग पैसे दे. ८ च्या दोन ३२०० च्या काड्या, शक्यतो एकाच जोडीतल्या. प्रोसेसर पण सेकंडहँड चालतो, फक्त एएम४ (तुझ्या ५६०० चा सॉकेट) ला पिना प्रोसेसरच्या खाली असतात, उलटा करून उजेडात तिरका धरून बघ, सगळ्या रांगा सरळ दिसल्या पाहिजेत. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र नवीनच.

कुठनं घ्यायचं म्हणशील तर माझं मत कार्ड आणि बोर्ड बेळगाव किंवा कोल्हापुरात घे, शे-पाचशे जास्त गेले तरी. जीएसटी सगळीकडं १८ टक्केच हाय, राज्य बदलल्यानं काही वाचत नाही. बिनबिलाचं स्वस्त देतो म्हणाला तर वॉरंटी गेली समज. बिलावर सिरियल नंबर लिहून घे आणि डब्यावरच्याशी जुळतोय का तिथंच बघ. मी एकदा लांबनं मागवलेलं कार्ड वॉरंटीला पाठवून दीड महिना वाट बघितलीय, कुरिअरचा खर्च माझा, फोन करून करून दमलो. कोल्हापूर तुला लाल डब्यानं एका दिवसात जाऊन येण्यासारखं हाय, दुकानदारासमोर जाऊन उभं राहता येतंय हा मोठा फायदा.

कापायचं असेल तर कॅबिनेट आणि एसएसडीत काप. ५०० जीबी घे, बोर्डाला दुसरा स्लॉट किंवा साटा (वायरीनं डिस्क जोडायची जागा) असतंयच, नंतर वाढव. कार्ड आणि एसएमपीएस मध्ये हात घालू नको.

तंबाखूपेठ, निपाणी

कार्ड पण सेकंडहँड बघ की मग. मायनिंगचं (क्रिप्टो नाणी काढायला सतत चालवलेलं) असलं तरी ६६०० चांगलं निघू शकतंय, समोर अर्धा तास फरमार्क (कार्डावर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) चालवून बघायचं, फॅनचा आवाज, स्क्रीनवर ठिपके येतात का, तापमान किती. फक्त आरएक्स ५८० च्या नादाला लागू नको, २०१७ चं हाय आणि त्यात २०४८एसपी म्हणून एक येतंय ते नावाला ५८०, आतनं कमी ताकदीचं.

लालमाती, खानापूर

कार्ड नवीनच घेऊ दे त्याला. पहिलं मशीन हाय, वडिलांचे कष्टाचे पैसे आहेत, तीन वर्षांची वॉरंटी असली की निदान ती रक्कम सुरक्षित. मायनिंगचं कार्ड ओळखायची नजर यायला वेळ लागतो.

स्क्रूड्रायव्हर, टिळकवाडी

मी पण तेच म्हणेन, कार्ड नवीन. कुणी जीटीए ६ चं नाव काढून आत्ताच मोठं कार्ड घे म्हणाला तरी ऐकू नको, ते आधी प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर येणार म्हणून जाहीर झालंय, पीसीचं नंतर बघता येईल.

मग असं ठरव, ५६००, बी४५० बोर्ड, सेकंडहँड ८ च्या दोन काड्या, ५०० जीबी एनव्हीएमई, नवीन आरएक्स ६६००, ५५० वॅट ब्रॉन्झ, जाळीचं साधं कॅबिनेट दोन फॅनवालं, आणि १ केव्हीएचा यूपीएस. बी४५० घेताना दुकानदाराला स्पष्ट विचार की बायोस (बोर्डातला मशीन चालू करणारा प्रोग्राम) ५००० सिरीजसाठी अपडेट केलेलं हाय का, जुना स्टॉक असेल तर ५६०० लावल्यावर डिस्प्लेच येत नाही आणि पोरं बोर्ड खराब म्हणून परत घेऊन जातात. अपडेट करूनच द्या म्हणावं.

बसवल्यावर तीन गोष्टी विसरू नको. मॉनिटरची वायर मागं खाली कार्डला लावायची, वर बोर्डाला नाही, ५६०० ला वरनं चित्र येणारच नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर पळत बसेल आणि तुला कळणार पण नाही. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ७५ हर्ट्झ निवड, ते आपोआप ६० वर राहतंय.

कूलर काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नको. मशीन दहा मिनिटं चालवून गरम कर, बंद कर, मग कूलर डावीकडं उजवीकडं हळूहळू फिरव आणि सुटल्यावर उचल. थंड असताना पेस्ट गोंदासारखी धरते, प्रोसेसर लॉक असूनही कूलरला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. माझ्याकडनं एकदा तसं झालंय, सात पिना वाकल्या होत्या, शिसं बदलायच्या पेन्सिलचं शिसं काढून तिच्या रिकाम्या नळीनं एकेक सरळ करायला अख्खी संध्याकाळ गेली.

गडाखालचा, येळ्ळूर

ठरलं मग. यादी वहीत लिहून घेतली, बाबांनी पण वाचली आणि एसएमपीएसच्या खाली स्वतः रेघ ओढली. रविवारी बाबा आणि मी कोल्हापूरला जातोय कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएससाठी, बाकीचं बेळगावात. रॅम अनगोळला एकाकडं हाय म्हणून कळलंय, शनिवारी पेन ड्राइव्हमध्ये मेमटेस्ट घेऊन जातो. दादा, असेंबल मी स्वतः करणार हाय, खरं पहिल्यांदा चालू करायच्या आधी तुम्हाला फोटो टाकला तर बघाल का, आठ पिनची वायर आणि पुढच्या बटणांच्या बारीक पिना बरोबर लागल्यात का ते?

स्क्रूड्रायव्हर, टिळकवाडी

टाक की. रात्री नऊनंतर टाक, कामावरनं आलेलो असतो. पुढच्या बटणांच्या पिनांचा फोटो जवळनं आणि फ्लॅश बंद करून काढ, बोर्डावरची बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. आणि रविवारी सगळं सामान हाताला लागलं तर तुझा मेसेज बघितल्यावर येळ्ळूरला मीच येऊन जातो, गाडीवर पंधरा-वीस मिनिटांचं काम, येताना ते जुनं ७१० पण घेऊन येतो.

लालमाती, खानापूर

वायरमन काकांनी नवीन वायर ओढल्यावर परत मीटर लावायला सांगा, आणि किती आलं ते इथं लिहा.

गडाखालचा, येळ्ळूर

अक्का, आत्ताच लावला. १.८ व्होल्ट.